सुताचा पूल

डोनबोक म्हाताऱ्यानं नऊ वर्षं सख्ख्या भाचीच्या हातची सुपारी खाल्ली नव्हती.

तुम्ही म्हणाल, सुपारी ती काय, नाही खाल्ली तर काय आभाळ कोसळतं? शिलाँगकडच्या डोंगरातल्या आमच्या लाइतस्नेम गावात कोसळतं. इथं पाहुण्याला पाणी नंतर, आधी सुपारी. ओली, कच्ची, चुना लावलेल्या पानाबरोबर. पुढे केली नाही तर त्याचा अर्थ 'ऊठ आणि जा', आणि पुढे केलेली घेतली नाही तर त्याचा अर्थ त्याहून वाईट. माणूस मेला तरी आम्ही मेला म्हणत नाही. देवाच्या घरी सुपारी खायला गेला, असं म्हणतो.

म्हातारा आठवड्यातून दोनदा बहिणीकडे यायचा. आमच्यात पुरुष लग्न करून बायकोच्या घरी राहायला जातो, पण त्याचं कुळ, त्याचे देव आणि सरतेशेवटी त्याची हाडंसुद्धा आईच्या घरची. आईचं घर मिळतं धाकट्या मुलीला. घराबरोबर चूल मिळते आणि चुलीबरोबर घरातलं सगळं धर्माचं करणंसवरणं मिळतं. पूजेचे शब्द मामानं म्हणायचे, बाकीचं सगळं धाकटीनं सांभाळायचं. डोनबोकची धाकटी बहीण सिलबी. तिला एकच मुलगी, दाफिशा. एकुलती, म्हणजे थोरलीही तीच आणि धाकटीही तीच.

तर म्हातारा यायचा, चुलीपाशी वेताच्या मोड्यावर बसायचा. दाफिशा दवाखान्यातून आलेली असली तर हात धुऊन ताटलीत सुपारी आणायची आणि दोन्ही हातांनी पुढे करायची. म्हातारा छपराकडे बघायचा. छपरात काय होतं? काजळी. नऊ वर्षं त्यानं ती काजळी पाहिली. मग सिलबी उठायची, त्याच ताटलीतली तीच सुपारी स्वतःच्या हातानं उचलून त्याला द्यायची, आणि म्हातारा खायचा.

"काय रे दादा," सिलबी म्हणायची, "माझ्या हाताला काय साबण लावलाय का, की त्यातून गेली की सुपारी शुद्ध होते?"

"तू गप्प बस."

"माझ्याच घरात मी गप्प बसू? बरं, बसते."

पण ती बसायची नाही.

दाफिशानं केलं काय होतं? चोरी नव्हती केली. शिलाँगला नर्सचं शिकायला गेली, तीन वर्षांनी परत आली, आणि पहिल्याच संध्याकाळी चुलीपाशी बसून सांगितलं, "मेई, मामा, येत्या रविवारी मी बाप्तिस्मा घेणार आहे." मेई म्हणजे आमच्याकडे आई.

डोनबोकनं विचारलं, "पोरगा कोण आहे?"

"पोरगा कुणी नाही, मामा."

"मग कुणी काही देतो म्हणालं?"

"मामा, मला ओळखता ना तुम्ही?"

"मग इथं काय कमी पडलं तुला?"

पोरीनं विस्तवातलं लाकूड पुढे सारलं. "कमी काही पडलं नाही. तिथं मला हाक ऐकू आली. ऐकू आली नाही असं खोटं कसं सांगू?"

"हाक!" म्हातारा ताडकन उठला. "इथं आजीपणजीपासून सगळ्या हाका मारतायत, त्या ऐकू आल्या नाहीत. दुसऱ्या डोंगरावरची बरी ऐकू आली!"

आणि त्याच महिन्यात, कुळाची माणसं जमलेली असताना, सगळ्यांसमोर तो बोलून बसला. "ज्या हातानं आमची चूल सोडली, त्या हातात सिलबीच्या सुताचं टोक जाणार नाही. माझ्या जिवात जीव असेतो जाणार नाही." सिलबी तिथंच बसली होती. जिवंत माणसासमोर तिच्या सुताची गोष्ट काढायची म्हणजे काय बोलणं झालं ते? पण रागाला तोंड असतं, कान नसतात.

सुताचं असं आहे. आम्ही माणसाला अग्नी देतो, हाडं गोळा करतो आणि मडक्यात घालून कुळाच्या मावबात नेऊन ठेवतो. मावबा म्हणजे आयांचं घर. मोठाल्या शिळांचं, दगडी दाराचं. आई, आजी, पणजी, सगळ्या तिथं एकत्र. आता या कुळाचा मावबा आहे उम्रित ओढ्यापलीकडे. जिवंत माणूस पाण्यात पाय घालून ओढा ओलांडतो. गेलेल्याचा जीव पाणी ओलांडू शकत नाही. म्हणून ओढ्यावरून पांढरं सूत ताणायचं. अलीकडचं टोक मडकं घेतलेल्या मामाच्या हातात, पलीकडचं धाकट्या मुलीच्या हातात. मामा पाण्यातून पुढे येईल तसतसं मुलीनं सूत गुंडाळत जायचं, ताण सुटू द्यायचा नाही. सूत आखडत आखडत हाताला हात लागतो. तोवर जीव त्या सुतावरून पलीकडे आलेला असतो.

आणि म्हाताऱ्यानं शपथ घेतली होती ती नेमकी त्या हाताची.

सिलबीनं मनाला लावून घेतलं नाही, निदान दाखवलं तरी नाही. लेक रविवारी समोरच्या डोंगरावर प्रार्थनेला जायची, आई घरी चुलीपाशी पूजेच्या कोंबड्याला तांदूळ टाकायची. दुपारी दोघी एका ताटात बसून भात आणि सुक्या मासळीची चटणी खायच्या. एकदा डोनबोक वैतागून म्हणाला, "सिलबी, तू तिच्या हातची सुपारी खातेस तरी कशी?"

"तोंडानं."

"मस्करी नको."

"मग ऐक." सिलबीनं चुन्याची डबी बंद केली. "मी उद्या देवाच्या घरी सुपारी खायला जाणार. ही म्हणे दुसऱ्याच दारानं आत जाणार. तुझं खरं की तिचं खरं, मला अडाणी बाईला काय कळतंय? पण तुझं खरं असेल तर तिथं मला लेकीच्या हातची मिळायची नाही. म्हणून इथंच खाऊन घेते."

म्हातारा बाहेर जाऊन लाल पिंक टाकून आला आणि मग बटाट्याच्या भावाचं बोलत बसला.

माघाच्या थंडीत सिलबी गेली. छातीत कफ भरला होता. दाफिशानं अकरा दिवस रजा काढून उशाशी बसून सगळं केलं. सकाळी डोनबोक पोचला तेव्हा पोरगी आईचे केस विंचरत होती. आंघोळ तिनंच घातली, कपडे तिनंच नेसवले, चौकडीची शाल तिनंच पांघरली. म्हातारा दारात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं, आता हिला 'बाजूला हो' म्हणायला हवं. त्याऐवजी तो कोंबड्याचं बघायला वळला. मग कोंबडा आणला, गेलेल्याच्या पुढे वाट उकरून देतो तो कोंबडा, तेव्हा पोरगी आपणहूनच उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. हे माझं नाही, हे तिनं न बोलता सांगितलं. म्हाताऱ्याला त्याचाही राग आला. राहिली असती तरी आला असता, ते वेगळं.

आता सूत धरायचं कोणी? त्याची तजवीज म्हाताऱ्यानं आधीच केली होती. नियमच आहे, धाकटीनं धर्म सोडला तर कुळातल्या दुसऱ्या घरच्या मुलीकडे सगळं जातं, चूल आणि घरसुद्धा. डोनबोकच्या मावसबहिणीची मुलगी मेबान, दोन डोंगर पलीकडे राहायची. निरोप गेला, आई मुलीला घेऊन तिसऱ्या दिवशी जीपनं आली. मेबान वीस-बावीस वर्षांची, अबोल. म्हाताऱ्यानं तिला चुलीपाशी मानानं बसवलं, स्वतःच्या हातानं सुपारी दिली. "बघ पोरी, आता हे सगळं तुलाच सांभाळायचं." मेबाननं मान खाली घातली. म्हाताऱ्याला वाटलं, किती संस्कारी! मेबानच्या आईचे डोळे तेवढ्यात घराच्या तुळ्या मोजत होते.

दाफिशा मागच्या खोलीत होती. मधल्या वर्षांत लग्न होऊन याच घरी राहायला आलेल्या नवऱ्याबरोबर सामानाच्या पेट्या बांधत होती, कुणी जा म्हणायच्या आत.

अग्नी दिला त्या दिवशी ती दूर उतारावरच्या पाइनखाली बसून होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, हाडं गोळा करून धुऊन पांढऱ्या कापडात बांधली, मडक्यात ठेवली आणि माणसं ओढ्याकडे निघाली, तेव्हाही ती तशीच मागून आली. शंभर पावलं अंतर ठेवून. हातात छोटी टोपली. लोकांना दिसत होतं.

मडकं डोनबोकच्या डाव्या कुशीत होतं. एकदा उचललं की मावबा येईपर्यंत ते जमिनीला टेकवायचं नाही आणि दुसऱ्या कुळाच्या हातात द्यायचं नाही. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरणारे. पण बहीण लहानपणी याच कुशीत झोपलेली. मऊ कापडानं पाठीशी बांधून तो तिला बटाट्याच्या शेतात घेऊन फिरायचा. आता तर ती तेव्हापेक्षाही हलकी झाली होती, आणि त्यानंच म्हाताऱ्याचा जीव कासावीस होत होता.

ओढ्याशी आले. पाणी गुडघाभर, पण माघाचं, हाडं फोडणारं. डोनबोकनं सुताची गुंडी काढली, एक टोक आपल्या उजव्या मुठीत धरलं आणि गुंडी मेबानकडे दिली. "जा. पलीकडे उभी राहा. मी शब्द म्हणायला लागलो की ताण धर."

मेबान पाण्याच्या कडेला गेली आणि थांबली.

"काय झालं? गार वाटतंय? अगं, पाय घातला की सवय होते."

पोरगी हलेना. मागून तिची आई दबक्या आवाजात म्हणाली, "जा ना गं! काय खांबासारखी उभी राहिलीस?"

मेबान वळली. डोळे भरलेले. "मामा, मी... माझा बाप्तिस्मा झालाय."

ओढाच काय तो बोलत होता.

"कधी?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ईस्टरला."

"कुणाला माहीत होतं?"

मेबाननं आईकडे बघितलं. आई बघत होती आभाळाकडे. "आई म्हणाली, सूतच धरायचंय, कोण विचारतंय? घर मिळेल म्हणाली."

"मग गप्प राहायचंस की! आता का सांगितलंस?" म्हातारा म्हणाला.

"खोट्या हातानं धरलं आणि मावशीचा पाय मध्येच घसरला तर?" आणि ती पोर तिथंच दगडावर बसून हुंदके देऊन रडायला लागली.

जिनं डोनबोकच्या डोळ्यांत बघून, चुलीपाशी बसून, खरं ते सांगितलं, तिच्या ताटलीकडे त्यानं नऊ वर्षं पाहिलं नाही. आणि जिनं लपवलं तिला स्वतःच्या हातानं सुपारी देऊन मानानं आणून उभी केली. वा रे डोनबोक! डोनबोक म्हणजे नशीबवान; आईनं नाव ठेवलं ते, आणि अक्कल बघा. त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून मडकं हलकं होत नाही. डावा हात आता भरून आला होता.

त्याचा सोबती लाम्फ्रांग पुढे आला. दुसऱ्या कुळाचा, पण जुन्या धर्माचा कडवा. "बांध रे त्या पलीकडच्या पाइनला टोक. गाठ मार आणि चल. अंधार पडायच्या आत उरकू."

"झाडाला गाय बांधतात, लाम्फ्रांग. बहीण नाही बांधत. झाड गुंडाळणार आहे का सूत?"

"मग उद्या दुसरी कुणी शोधू."

"उद्यापर्यंत मडकं कुठं ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

म्हाताऱ्याची नजर दाफिशा बसली होती त्या उताराकडे गेली आणि लाम्फ्रांगच्या लक्षात आलं. तो म्हाताऱ्याच्या कानाशी लागला. "हे बघ, तसलं काही मनात आणू नकोस. कुळासमोर बोललायस तू. शपथ आहे. लोक तोंडात शेण घालतील."

आमच्या लोकांना पाळण्यात असल्यापासून एक गोष्ट शिकवतात. माणूस ओळखा, देव ओळखा. म्हाताऱ्यानं ती हजार पूजांत हजार वेळा म्हटली असेल. सिलबी त्यावरून टोचायची, 'दादा, त्यात माणूस आधी आहे हो, देव नंतर. तू उलट्या बाजूनं चढतोयस.' तेव्हा त्याला ते बायकी बोलणं वाटलं होतं.

"शपथ माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "मोडली तर पाप माझ्या माथी. सिलबीच्या माथी का म्हणून? तिनं का अलीकडे राहायचं? मी एक कोंबडा जास्त देईन, देवाला दोन शब्द जास्त सांगीन. तो ऐकेल, नाही ऐकणार. बघू."

आणि तो उताराकडे तोंड करून ओरडला, "दाफी!"

नऊ वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. दाफी तर तिच्या लहानपणानंतर कधीच नाही. पोरगी उतारावरच्या पाइनखालून उठली. आधी तिला वाटलं, ओढ्याशी काही झालं, म्हातारा पडला. ती धावतच खाली आली. आली ती नर्ससारखी, त्याच्या हाताची नाडी बघायला.

"मला काही झालं नाही," म्हातारा म्हणाला. "सूत धर."

दाफिशानं मेबानकडे पाहिलं, गुंडीकडे पाहिलं. सगळं तिला न सांगता कळलं. पण तिनं लगेच हात पुढे केला नाही. मामासारखीच, हट्टी आणि खरी.

"मामा, आधी सांगते. मी तुमचे शब्द म्हणणार नाही. मला म्हणता येणार नाहीत. मी माझ्याच देवाला विनवीन, मनात. मागाहून तुम्ही म्हणाल की फसवलं."

लाम्फ्रांगनं 'बघा' अशी मान हलवली.

"शब्द माझे," डोनबोक म्हणाला. "तुझा हात दे फक्त. आणि तुझ्या गिरजाघरात?"

"तिथं कळेलच. शिक्षा म्हणून चार-सहा महिने मागच्या बाकावर बसवतील."

"मागून ऐकू येतं का?"

"येतं."

"मग झालं तर. जा, पलीकडे जा. माझा हात तुटायला आलाय."

दाफिशानं चपला काढल्या, टोपली डोक्याला पट्टीनं अडकवली आणि गुंडी सोडत सोडत पाणी ओलांडलं. तिला दगड ठाऊक होते. याच ओढ्यावर तिनं आईबरोबर वर्षानुवर्षं कपडे धुतले होते. पलीकडे जाऊन तिनं तोंड फिरवलं, पाय रोवले आणि सूत ताणलं. पाण्यावर एक पांढरी रेघ दिसली. वाऱ्यानं थोडी हलली आणि स्थिर झाली.

म्हाताऱ्यानं पाण्यात पाय घातला आणि शब्द म्हणायला सुरुवात केली. आजीचं नाव, पणजीचं नाव, तिच्या आईचं नाव. दार उघडा, तुमची धाकटी येतेय. दर पावलाला सूत एक वीत आखडत होतं. दाफिशा दवाखान्यात पट्ट्या गुंडाळून हात बसलेली बाई. डाव्या हातावर सूत गुंडाळत होती, ताण जराही ढिला नाही, जराही जास्त नाही. तिचे ओठ हलत होते. म्हाताऱ्याला दिसत होतं, ते आपले शब्द नाहीत. त्याला वाटलं होतं, आपल्याला ते सोसणार नाही. सोसलं.

मध्यावर त्याचा पाय शेवाळावरून सटकला. एक गुडघा पाण्यात गेला. काठावरच्या बायका किंचाळल्या. मडकं त्यानं छातीशी आवळलं. उजवी मूठ वर होती, सुतासकट. दाफिशा अर्धं पाऊल पुढे आली आणि तिथंच थांबली. धावून जायला सूत सोडावं लागलं असतं.

"सोडू नकोस!" म्हातारा ओरडला.

"नाही सोडत! मामा, डावीकडे चपटा दगड आहे. मेईचा, कपडे आपटायचा. त्यावर पाय द्या. घाई नको, मी आहे."

त्यानं पाण्याखाली पायानं चाचपलं. दगड होता. सिलबीचे कपडे चाळीस वर्षं आपटून आपटून गुळगुळीत झालेला. त्यावर भार टाकून तो उठला, श्वास घेतला आणि शब्द जिथं तुटले होते तिथून पुढे सुरू केले.

सूत हातभर उरलं, मग वीतभर, मग काहीच उरलं नाही. म्हाताऱ्याची ओली मूठ भाचीच्या मुठीला लागली. तिचे हात त्याच्याइतकेच गार होते.

इथं मुलीनं म्हणायचे शब्द असतात. ये आई, वाट संपली, दार आलं, असे. दाफिशा ते म्हणणार नव्हती आणि म्हाताऱ्यानं तिची बाजूही स्वतःच म्हणायचं मनाशी ठरवलं होतं. तो तोंड उघडणार तोच पोरीनं मडक्यावर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "मेई, आलीस ना गं?"

ते पूजेचे शब्द नव्हते. पण सिलबीला हेच पटकन कळलं असतं, त्याचे लांबलचक शब्द ऐकताना ती तशीही जांभया द्यायची. आणि म्हातारा रडायला लागला. अग्नी देताना रडला नव्हता तो आता तोंडाचा आ करून, पोरासारखा रडला. दाफिशानं त्याचा डावा हात खालून सावरला. मडकं तिच्याही हातावर टेकलं. त्यानं टेकू दिलं.

मावबाची चढण लागली तेव्हा ती थांबली. "इथून पुढे तुमचं, मामा. मी इथंच बसते." तिनं गुंडाळलेलं सूत त्याच्या मुठीत दिलं. त्यानं आग्रह केला नाही. मन दोघांचंही दुखलं असेल, पण खोटं कुणालाच करायचं नव्हतं.

वर जाऊन त्यानं दगडी दार सरकवलं, मडकं आईच्या मडक्याशेजारी ठेवलं, वर सूत ठेवलं. आत अजून जागा होती. एक मडकं मावेल इतकी, दोन मावतील इतकी. त्यानं मनात हिशेब केला. आपल्यामागे शब्द येणारं घरात कुणी नाही. दाफी समोरच्या डोंगरावर पुरली जाईल, क्रुसाखाली. पुढे तिची पोरंही तिथंच. या आयांच्या घराचं दार शब्द म्हणून उघडणारा मीच शेवटचा. हे दुःख खरंच होतं, आणि सूत धरल्यानं ते काही गेलं नव्हतं. त्यानं दार लावलं, दगडावर हात फिरवला आणि खाली आला.

बाकीचे लोक गावाकडच्या काठावरून पांगले होते. दाफिशा वाटेच्या कडेला बसली होती. टोपली उघडी होती. तिच्यात केळीच्या पानावर सुपारी होती, पानाला चुना लावून तयार. आईबरोबर ठेवायला आणलेली. पण वर जायचं नव्हतं आणि मामाच्या हाती द्यायचा धीर झाला नव्हता, म्हणून तशीच राहिली होती.

म्हातारा शेजारी बसला. ओल्या पायजम्यातून पाणी ठिबकत होतं.

"मामा," ती ओढ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या वेळी मी धरीन सूत. पण शब्द मला येत नाहीत."

"शब्द मी आधीच म्हणून ठेवीन. देवाला सांगून ठेवतो, ही मुकी आहे, हिचं ऐकून घे." त्यानं नाक पुसलं. "मडकं उचलायला कुळातला कुणीतरी सापडेल. नाहीतर मेबानच्या आईला उचलायला लाव, घराच्या लोभानं उचलेल."

पोरगी रडता रडता हसली.

"पेट्या सोड त्या," म्हातारा म्हणाला. "घरी जाऊन चूल पेटव. त्या घरात विस्तव विझलेला मला चालायचा नाही. तू त्याच्यासमोर कुठल्या देवाचं नाव घेतेस ते तुझं तू बघ. कुळाला मी सांगतो. ओरडतील. मीही नऊ वर्षं ओरडलो, काय झालं?"

ती मान हलवत राहिली. मग सवयीनं, नऊ वर्षांच्या सवयीनं, तिनं केळीचं पान दोन्ही हातांनी उचललं, आणि तिचं तिलाच आठवून पुन्हा मांडीवर ठेवलं.

म्हाताऱ्यानं आज वर पाहिलं नाही. वर छप्पर नव्हतंच. त्यानं ओला, सुरकुतलेला तळवा तिच्यापुढे उघडा धरला.

"दे गं," तो म्हणाला. "तिथं काही मला तुझ्या हातची मिळायची नाही."